दुखापतींची वही कुठे आहे? गोव्यातील महाविद्यालयीन खेळांच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

आदरणीय प्राचार्य, शारीरिक शिक्षण संचालक, व्यवस्थापन मंडळांचे सदस्य आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचं वेळापत्रक आखणारे सर्वजण,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझ्या लेकीने कॉलेजातून एक कागद आणून माझ्यापुढे ठेवला. झेरॉक्सची झेरॉक्स असावी, कारण खालच्या दोन ओळी पार पुसट झाल्या होत्या. वर ठळक अक्षरांत 'हमीपत्र'. मजकूर असा, की माझा पाल्य स्वतःच्या इच्छेने व जबाबदारीवर खेळत आहे, सरावात वा सामन्यात कसलीही इजा झाल्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही. खाली पालकाची सही आणि तारीख. सही नसेल तर संघाच्या यादीत नाव जाणार नाही, असं सरांनी तोंडी सांगितलंय म्हणे.

मी सही केलेली नाही. त्या कॉलेजला कारण लेखी कळवलं आहे. पण असलाच कागद दुसऱ्या दोन कॉलेजांतल्या मुलांच्या पालकांनीही मला दाखवला. शब्द थोडे इकडचे तिकडे, अर्थ तोच. म्हणून हे पत्र एकाला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे, आणि चारचौघांत लिहिते आहे.

मी डिचोली तालुक्यात राहते. तेवीस वर्षं परिचारिकेची नोकरी करते. मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, शाळेपासून फुटबॉल खेळते. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक फातोर्ड्याला आला, तेव्हा मी रजा टाकून तिला सामना बघायला नेलं होतं. ती चेंडूकडे बघत होती आणि मी, सवयीने, स्ट्रेचर कुठे ठेवलंय ते. ते होतं. माणसंही तयारीत बसलेली होती.

आता आमच्याकडची गोष्ट. मागच्या मोसमात आंतरमहाविद्यालयीन सामन्यात लेक चेंडू घेऊन वळली. कुणाचा धक्का नाही, पाय अडकला नाही. गुडघ्यात 'टक्' झालं आणि ती खाली बसली. मी दुपारची ड्युटी बदलून सामना बघायला गेले होते, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. मैदानावर प्रथमोपचाराची पेटी होती. उघडली तर आत कापूस, आयोडीनची वाळलेली बाटली, एक कात्री आणि मागच्या कुठल्याशा स्पर्धेच्या पावत्या. बर्फ नव्हता. क्रेप बँडेज नव्हतं. स्ट्रेचर नव्हतं, म्हणून पाहुण्यांसाठी मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून चार मुलींनी तिला उचललं. एक मुलगा स्कूटरवरून मासळी बाजारात गेला आणि मासेवालीच्या थर्माकोलच्या खोक्यातला बर्फ पिशवीत भरून घेऊन आला. त्या बाईने पैसे घेतले नाहीत. संध्याकाळभर गुडघ्याला बांगड्याचा वास येत होता. त्या वेदनेतही लेक हसली. मला काही हसू आलं नाही.

लिगामेंट फाटलं होतं. एमआरआय, शस्त्रक्रिया, मग नऊ महिने व्यायाम. नऊ महिन्यांच्या आत मैदानात परतलं तर गुडघा पुन्हा फाटण्याचा धोका बराच वाढतो, हे आता संशोधनातून पक्कं झालं आहे, आणि आमच्या डॉक्टरांनी ते आम्हाला नीट समजावलं. कॉलेजातून मात्र चौथ्या महिन्यातच विचारणा झाली, "पुढच्या महिन्यात खेळेल ना?" प्रश्नात वाईट हेतू नव्हता. विचारणाऱ्याला माहीतच नव्हतं. माझं सगळं दुखणं या माहीत नसण्याचंच आहे.

लेक थोडी बरी झाल्यावर मी तिच्या कॉलेजात गेले आणि साधा प्रश्न केला. गेल्या पाच वर्षांत तुमच्या खेळाडूंपैकी किती जणांना दुखापत झाली, कुठल्या खेळात, कुठल्या अवयवाला, किती दिवस बाहेर बसावं लागलं, याची वही दाखवता का? सर भले माणूस आहेत. त्यांनी कपाट उघडून दाखवलं. ढाली, करंडक, प्रमाणपत्रांच्या फायली, जर्सींच्या खरेदीची बिलं, प्रवासभत्त्याची व्हाउचरं. सगळं तारीखवार, नेटकं. दुखापतींची वही नव्हती. "अशी वही ठेवायला आम्हाला कोणी सांगितलंच नाही, बाई," ते म्हणाले.

आमच्या आरोग्य केंद्रात ताप आलेलं मूल आलं तर नोंद होते, कुत्रा चावला तर नोंद होते, लस दिली तर बॅच नंबरासकट नोंद होते. रुग्णाच्या कागदावर लिहिलं नाही तर ते केलंच नाही असं धरायचं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. आणि शेकडो तरुण मुलं वर्षभर पळतात, उड्या मारतात, आपटतात, मोडतात, त्यांचा हिशेब कुणाकडेच नाही? गोव्यातल्या एखाद्या कॉलेजात अशी वही असेल तर कृपा करून पुढे या. मी त्या कॉलेजची जाहीर क्षमा मागेन आणि वहीचं पहिलं पान फ्रेम करून लावा म्हणेन.

अमेरिकेचं कौतुक सांगायला मी बसलेले नाही. तिथल्या कॉलेज खेळांतल्या पैशाने काय काय गोंधळ घातलाय ते सगळं जग वाचतं, आणि १९२९ सालीच कार्नेगी फाउंडेशनने त्यावर जाडजूड अहवाल लिहून ठेवलाय. पण एक गोष्ट त्यांच्याकडून घ्यावी. १९०५ च्या मोसमात तिथल्या फुटबॉलमध्ये (तो आपला नव्हे, चेंडू हातात घेऊन धडका देत खेळायचा) मुलं मैदानावर मेली, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी मोठ्या विद्यापीठांच्या लोकांना बोलावून घेतलं, आणि पुढच्या वर्षी कॉलेज खेळांवर देखरेख करणारी संघटना उभी राहिली. तीच आजची एनसीएए. १९८२ पासून ते दुखापतींची पद्धतशीर नोंद ठेवतात. कुठल्या खेळात, सरावात की सामन्यात, कुठल्या महिन्यात. या नोंदी हाताशी होत्या म्हणून मुलींचा गुडघा मुलांपेक्षा जास्त फाटतो हे लक्षात आलं, आणि मग ते थांबवायचं कसं यावर लोक कामाला लागले.

थांबवता येतं, हेच तर मला रात्री झोपू देत नाही. फिफाने '११+' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप तयार केला आहे. धावणं, तोल सांभाळणं, मांड्यांची ताकद, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं, इतकंच. साहित्य काही लागत नाही. नॉर्वेत अठराशेहून अधिक मुलींवर त्याची चाचणी झाली, २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी, आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्या. वीस मिनिटं! आमच्या मुली सामन्याआधी मैदानाला दोन फेऱ्या मारतात, पाय झटकतात आणि उभ्या राहतात. फुटबॉलला डोक्यावर घेणाऱ्या या राज्यात हे कागद कोणी वाचायचे?

आता माझीही एक चूक सांगते, नाहीतर हे पत्र खोटं ठरेल. मोसमाच्या सुरुवातीला 'खेळण्यास योग्य' असल्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. मुलं गठ्ठ्याने येतात. त्यांतला एक जण सगळ्यांचे कागद गोळा करतो, डॉक्टर ओपीडीच्या गर्दीत सह्या करतात आणि शिक्का कोण मारतं? मी मारलाय. एका दुपारी अख्ख्या संघाचे कागद मी चहा निवायच्या आत शिक्के मारून परत दिले होते. कुणाच्या छातीला स्टेथोस्कोप लागला नाही. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं होतं का, धावताना कधी भोवळ आली का, हे दोन प्रश्नसुद्धा कुणी विचारले नाहीत. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूची तपासणी सक्तीची आहे, ईसीजीसकट. तिथल्या व्हेनेतो प्रांताचा सव्वीस वर्षांचा हिशेब २००६ मध्ये छापून आला. खेळाडूंचे हृदयविकाराने होणारे अचानक मृत्यू ८९ टक्क्यांनी घटले होते. सगळ्यांचा ईसीजी काढावा की नाही यावर तज्ज्ञांत वाद आहे, तो त्यांचा त्यांनी घालावा. पण न तपासता शिक्का मारावा, असं म्हणणारा तज्ज्ञ मला अजून भेटलेला नाही.

गोव्याला तर हे सांगायची गरजच पडू नये. ५ डिसेंबर २००४. बंगळूरच्या कंठीरव मैदानावर फेडरेशन कपचा अंतिम सामना. गोव्याच्या धेंपो क्लबचा क्रिस्तियानो ज्युनियर गोल करून कोसळला आणि गेला. त्या रात्री माझ्या नवऱ्याने जेवण केलं नव्हतं. साडेसोळा वर्षांनी, जून २०२१ मध्ये, कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा क्रिस्तियान एरिक्सन तसाच कोसळला. त्याच्याजवळ काही क्षणांत प्रशिक्षित माणसं आणि हृदयाला शॉक देणारं यंत्र पोचलं, आणि तो पुन्हा खेळायला लागला. शॉक मिळायला लागणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी होते. १०८ ला फोन करा असं तुम्ही म्हणाल. जरूर करू. पण सत्तरी-पेडण्याच्या एखाद्या मैदानावर गाडी येईपर्यंत हृदय चालू ठेवायला छाती कशी दाबायची ते माहीत असलेलं माणूस तरी हवं की नको?

उन्हाचंही तेच. चतुर्थी संपली की ऑक्टोबरचा उकाडा सुरू होतो आणि नेमके तेव्हाच सामने भर दुपारी लागतात, कारण मैदान सकाळी दुसऱ्या कोणाकडे असतं. आपल्या दमट हवेत घाम सुटतो पण सुकत नाही, म्हणून अंग थंडच होत नाही. पारा बत्तीसच दाखवतो आणि आतून शरीर चाळिशीकडे जातं. २०२३ च्या मार्चमध्ये उष्णतेच्या लाटेचा इशारा आला तेव्हा शाळा दुपारच्या आत सोडल्या होत्या. वर्गात पंख्याखाली बसणाऱ्यांची काळजी घेतली, ते बरंच केलं. पळणाऱ्यांचं काय? मेरीलँड विद्यापीठाचा एकोणीस वर्षांचा जॉर्डन मॅकनेर २०१८ मध्ये सरावात उष्माघाताने कोसळला आणि पंधरा दिवसांनी गेला. त्याला वेळेवर थंड पाण्यात बुडवलं नाही, हे विद्यापीठाने नंतर स्वतः कबूल केलं आणि जबाबदारी घेतली. उष्माघातात आधी अंग थंड करायचं, मग इस्पितळ. बर्फ घातलेल्या पाण्याची एक टाकी पुरते. पण आपल्याकडे तो बर्फही मासळी बाजारात!

खाण्याबद्दल लिहायला मला जरा संकोच वाटतो, पण लिहिते. सामन्याच्या दिवशी आमची लेक साडेचारला उठते, पहिली कदंबा बस पकडते, सरावाला सातला पोचते. वाटेत भाजी-पाव आणि चहा. त्यानंतर लेक्चर, प्रॅक्टिकल, सामना. भत्ता मिळतो, पण बिलं जोडल्यावर, आणि तो दोन-अडीच महिन्यांनी खात्यात येतो. ज्याच्या खिशात त्या दिवशी पैसे नाहीत त्याने त्या दिवशी काय खायचं, याचं उत्तर कुठल्याच परिपत्रकात नाही. शस्त्रक्रियेआधी लेकीचं हिमोग्लोबिन तपासलं तर ९.८ निघालं. मी परिचारिका, आणि माझ्याच घरात! बारापेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ३९ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला, आधीच्या फेरीत तो ३१ च्या आसपास होता. म्हणजे आपल्या मुली मैदानात उतरतात तेव्हाच त्यांतल्या कितीतरी जणी अर्ध्या दमाने उतरतात. मग सर ओरडतात, "स्टॅमिना वाढवा!"

त्याहून नाजूक गोष्ट पाळीची. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की पाळी अनियमित होते, कधी बंदच होते, हाडं कमकुवत होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून यावर स्पष्ट मार्गदर्शन दिलं आहे आणि कमी खाण्याचा असा फटका मुलग्यांनाही बसतो हेही सांगितलं आहे. लेकीच्या संघातल्या एका मुलीची पाळी पाच महिने आली नव्हती. ती खूश होती, कटकट गेली म्हणून. सांगणार कोणाला? संघाबरोबर बाई माणूस नाही.

डोक्याला मार बसल्यावर चक्कर आलेल्या मुलीला लिंबूपाणी देऊन पुन्हा उतरवताना मी पाहिलंय. त्यावर वेगळं काही लिहीत नाही. शंका आली तर बाहेर काढायचं आणि त्या दिवशी परत पाठवायचं नाही, हा जगभरचा नियम आहे आणि तो पाळायला एक पैसा लागत नाही.

झोपेवर मात्र दोन ओळी लिहितेच, कारण तुम्हाला पदकं हवी असतात. २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अकरा बास्केटबॉल खेळाडूंना पाच ते सात आठवडे रात्री दहा तास अंथरुणात पडून राहायला सांगितलं. त्यांचे फ्री थ्रो नऊ टक्क्यांनी सुधारले, धावण्याचा वेग वाढला. अभ्यास लहान होता, मान्य. पण आमच्याकडे सकाळी सातचा सराव, संध्याकाळी सहापर्यंत प्रॅक्टिकल, आणि सामन्यामुळे चुकलेल्या हजेरीसाठी रात्री असाइनमेंट. दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात म्हणून खेळणारी मुलं कॉलेजात आली की गळायला लागतात. तेव्हा ती आळशी झाली असं म्हणण्याआधी एकदा त्यांचं वेळापत्रक बघा.

पैसा नाही, असं मला कोणी सांगू नये. २०२३ मध्ये याच राज्याने ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरवल्या. फातोर्डा, पेडे, कांपाल, बांबोळी, चांगली मैदानं आपल्याकडे आहेत. शिवाय बांबोळीच्या पठारावर ॲथलेटिक्सचं स्टेडियम आणि १८४२ पासूनची परंपरा सांगणारं वैद्यकीय महाविद्यालय एकमेकांच्या शेजारी आहेत, आणि विद्यापीठ तिथून हाकेच्या अंतरावर, ताळगावच्या पठारावर. डॉक्टर, संशोधक आणि खेळाडू इतके जवळ असलेलं दुसरं राज्य शोधावं लागेल. एम.डी.चे, फिजिओथेरपीचे, शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी दरवर्षी प्रबंधाला विषय शोधत असतात. त्यांना आपण एक वही देऊ शकत नाही?

म्हणून मागण्या, सरळ सरळ.

याच शैक्षणिक वर्षापासून प्रत्येक कॉलेजात दुखापतींची नोंदवही सुरू करा, आणि वर्षअखेर, मुलांची नावं वगळून, ती सगळ्यांसाठी खुली करा. संशोधन करणाऱ्यांना ती मागितल्यावर मिळावी.

मोसमाआधीची तपासणी खरीखुरी करा. कॉलेजने दिवस ठरवावा, डॉक्टरांना बोलवावं. घरचा इतिहास, रक्तदाब, हृदय, हिमोग्लोबिन बघावं, गरज असेल त्याला ईसीजीला पाठवावं. मुलींचे प्रश्न बाईने विचारावेत. गठ्ठ्याने आणलेले कागद घेऊच नका. आमच्याकडे आले तर मीही आता परत पाठवते.

बर्फ, मोडलेला हातपाय बांधायच्या पट्ट्या, बँडेज, स्ट्रेचर आणि छाती दाबायचं प्रशिक्षण घेतलेला एक माणूस जागेवर नसेल तर पंचांनी शिट्टी वाजवू नये. मोठ्या मैदानांवर शॉक देणारं यंत्र असावं, आणि ते कुलपात नसावं.

ऑक्टोबरात आणि फेब्रुवारीनंतर सकाळी अकरा ते दुपारी साडेतीन या वेळेत मैदानी सामने नकोत. पाण्याची विश्रांती सक्तीची करा. सरावाआधीची ती वीस मिनिटंही सक्तीची करा. भत्ता आदल्या दिवशी हातात द्या, बिलं मागाहून घ्या. मुलींच्या प्रत्येक संघाबरोबर बाई माणूस पाठवा. आणि प्रवेशाच्या पावतीवर जे क्रीडा शुल्क घेता त्यातलं आरोग्यावर किती खर्च झालं, ते फलकावर लावा.

राहता राहिलं ते हमीपत्र. ते मागे घ्या. ज्याला आधी सांभाळलंच नाही त्याची जबाबदारी नंतर झटकायची, याला कागदाचा आधार कशाला?

शारीरिक शिक्षणाच्या सरांशी माझं भांडण नाही. एकटा माणूस बारा संघ, दोनशे मुलं आणि वर परीक्षेचं सुपरव्हिजनही बघतो. त्यांच्या हातात वही द्या, मदतीला माणूस द्या. वहीचा नमुना मी तयार केला आहे. एका पानावर आठ रकाने: तारीख, खेळ, सराव की सामना, कितवं मिनिट, अवयव, धक्का लागून की आपोआप, जागेवर काय उपचार केला, किती दिवस बाहेर. भरायला दोन मिनिटं पुरतात, मी घड्याळ लावून बघितलं. ज्या कॉलेजला हवा असेल त्यांना देईन, रविवारी येऊन समजावूनही जाईन.

पहिली ओळ मी भरून ठेवली आहे. फुटबॉल, सामना, एकसष्टावं मिनिट, उजवा गुडघा, आपोआप. उपचाराच्या रकान्यात लिहिलंय: बर्फ, मासळी बाजारातून. शेवटचा रकाना अजून रिकामा आहे, कारण लेक अजून मैदानाबाहेरच आहे. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात परवानगी द्यायचं कबूल केलंय. संघाच्या यादीत तिचं नाव माझ्या सहीवाचून जातं की नाही, ते तुम्ही ठरवा.

आपली,
एक परिचारिका आणि एका खेळाडूची आई
डिचोली, गोवा